मोबाइलवरचे रस्त्यातले खेळ : फोर्टपासून कडावपर्यंत

स्थानाधारित मोबाइल खेळात पट म्हणजे प्रत्यक्ष रस्ता आणि सोंगटी म्हणजे खेळाडू स्वतः. घरात बसून हा खेळ पुढे सरकत नाही. फोन उपग्रहांच्या संदेशांवरून स्वतःचे अक्षांश-रेखांश काढतो आणि ते इंटरनेटवरून खेळाच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हरपाशी जगभरातल्या ठिकाणांची यादी असते. खेळाडू त्यांपैकी एखाद्या ठिकाणापासून ठरावीक अंतराच्या आत आला की पडद्यावर काहीतरी उघडते: बक्षीस, लढाई, एखादा चित्रविचित्र प्राणी. म्हणजे या खेळाला चार गोष्टी लागतात. फोनला स्वतःची जागा कळली पाहिजे, नेट स्वस्त हवे, नकाशा हवा आणि त्या नकाशावर कुणीतरी ठिकाणे नोंदवलेली हवीत. पहिल्या तीन गोष्टींचा इतिहास बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. चौथीकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि मुंबईच्या फोर्टातला खेळ व रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या कडावसारख्या गावातला खेळ यांच्यातला फरक मुख्यतः तिनेच ठरवला.

ठिकाण शोधत जाण्याची हौस फोनपेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानावर 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने आपले कार्ड त्या बाटलीत टाकून यायचे. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. महाराष्ट्रात क्रमाने ठिकाणे गाठण्याची सवय देवदर्शनाने लावली. अष्टविनायकांपैकी दोन गणपती रायगड जिल्ह्यातच आहेत, पालीचा बल्लाळेश्वर आणि खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक. आठही स्थाने झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. ठरलेली स्थाने स्वतःच्या पायांनी गाठायची आणि गाठल्याची मनात नोंद ठेवायची, हे इथल्या माणसाला नवे नव्हते. नवे होते ते यंत्राने ती नोंद ठेवणे.

ते यंत्र अमेरिकी सैन्याच्या जीपीएस उपग्रहांमुळे शक्य झाले. ही यंत्रणा 1995 मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली, पण नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. रस्त्याच्या अलीकडचे दुकान आणि पलीकडचे देऊळ यांत फरक करता येत नसेल, तर त्यावर खेळ उभा राहणार कसा? मे 2000 च्या सुरुवातीला अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली आणि एका रात्रीत अचूकता दहा-वीस मीटरवर आली. लगेच 3 मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली पुरली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि शोधणाऱ्यांना आमंत्रण दिले. हाच ‘जिओकॅशिंग’चा आरंभ.

मुंबई-पुण्यातही अशा डब्या लपवल्या गेल्या, पण छंद फोफावला नाही. जीपीएसचे वेगळे यंत्र महाग होते, हे एक कारण. दुसरे कारण या शहराच्या अनुभवात आहे. मार्च 1993 चे बॉम्बस्फोट, 11 जुलै 2006 चे लोकलमधले स्फोट, नोव्हेंबर 2008 चा हल्ला, या सगळ्यांनंतर बेवारस डबा दिसला की हात न लावता पोलिसांना कळवा, हे मुंबईकराच्या अंगवळणी पडले. स्थानकांवरून तशा घोषणा रोज होतात. अशा शहरात झाडाच्या ढोलीत प्लॅस्टिकचा डबा लपवणारा माणूस संशयित ठरणारच. जिथे काहीही ठेवावे लागत नाही असाच खेळ इथे चालणार होता.

फोनवरचे पहिले रस्त्यातले खेळ जीपीएसविनाच आले. स्टॉकहोममधल्या ‘इट्स अलाइव्ह’ कंपनीचा ‘बॉटफायटर्स’ हा खेळ नव्या शतकाच्या आरंभी एसएमएसवर चालत असे. फोन कोणत्या टॉवरला जोडलेला आहे यावरून खेळाडूची जागा ठरायची आणि जवळच्या प्रतिस्पर्ध्यावर संदेशातूनच ‘गोळी’ झाडायची. ब्रिटनमधल्या ‘ब्लास्ट थिअरी’ या कलावंतांच्या गटाने 2001 मध्ये शेफील्डच्या रस्त्यांवर ‘कॅन यू सी मी नाउ’ हा पाठलागाचा खेळ मांडला. जपानमध्ये 2003 साली ‘मोगी’ आला. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी 2004 मध्ये मॅनहॅटनच्या चौकोनी गल्ल्यांत पॅकमॅन खेळून दाखवला, त्यात भुतेही माणसेच होती. याच काळात भारतात इनकमिंग कॉल नुकताच मोफत झाला होता. एसएमएसचे पैसे मोजून पाठवणाऱ्या ग्राहकाला असले खेळ परवडण्यासारखे नव्हते. शिवाय टॉवरवरून जागा ठरवायची तर टॉवर दाट हवेत. दादरमध्ये ते जमले असते. कर्जतच्या पुढे दोन टॉवरांमध्ये कित्येक गावे आणि पाडे मावत असत, तिथे अशा हिशेबाने सगळे एकाच जागी उभे असल्याचे दिसले असते.

पुढची पायरी स्मार्टफोनने गाठली. आयफोन भारतात ऑगस्ट 2008 मध्ये आला, पाठोपाठ अँड्रॉइड फोन आले, आणि जीपीएसचे वेगळे यंत्र घ्यायची गरज संपली. ‘फोरस्क्वेअर’ हे ॲप 2009 मध्ये सुरू झाले. एखाद्या हॉटेलात किंवा स्थानकावर पोहोचल्यावर ‘चेक-इन’ करायचे, आणि सर्वांत जास्त वेळा चेक-इन करणारा त्या जागेचा ‘मेयर’ ठरायचा. याला खेळ म्हणावे की नाही यावर मतभेद होतील. पण शहरातल्या जागेवर पडद्यातून हक्क सांगायची चटक अनेकांना प्रथम इथेच लागली.

यापुढचा इतिहास बराचसा जॉन हँके यांच्याभोवती फिरतो. उपग्रहचित्रांतून पृथ्वी दाखवणारी त्यांची ‘कीहोल’ कंपनी गूगलने 2004 मध्ये विकत घेतली आणि त्यातून ‘गूगल अर्थ’ उभे राहिले. हँके यांनी 2010 मध्ये गूगलमध्येच ‘नायअँटिक’ हा विभाग सुरू केला. 2015 मध्ये तो स्वतंत्र कंपनी झाला. त्यांचा ‘इन्ग्रेस’ हा खेळ नोव्हेंबर 2012 मध्ये मोजक्या लोकांसाठी खुला झाला आणि वर्षभरानंतर सर्वांसाठी. पुढे गाजलेल्या सगळ्या खेळांचा पाया याच खेळाने घातला, त्यामुळे तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

इन्ग्रेसमध्ये दोन पक्ष असतात, हिरवा ‘एनलायटन्ड’ आणि निळा ‘रेझिस्टन्स’. पुतळे, कारंजी, देवळे, क्रूस, भिंतीवरची चित्रे ही खेळात ‘पोर्टल’ होतात. खेळाडू पोर्टलपासून सुमारे 40 मीटरच्या आत येऊन त्यावर ‘रेझोनेटर’ बसवतो, म्हणजे ते पोर्टल त्याच्या पक्षाचे होते. एका पोर्टलपासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढता येते. तीन रेघांचा त्रिकोण झाला की मधला प्रदेश पक्षाच्या ताब्यात येतो आणि त्याखाली राहणाऱ्या लोकसंख्येच्या अंदाजावरून गुण मिळतात. रेघेने रेघ छेदायची नाही, हा मुख्य नियम. मुंबईसारख्या दाट वस्तीवरचा त्रिकोण त्यामुळे फार मोलाचा ठरतो. पण तो मोठा हवा असेल तर त्याचा एखादा कोपरा दूर ठेवावा लागतो, जिथे प्रतिस्पर्धी सहज पोहोचून तो मोडणार नाही. शहरावर पांघरूण घालायचे तर माथेरान किंवा कर्जतच्या बाजूचे एखादे एकटे पोर्टल अशा वेळी उपयोगी पडते. जिथे पोर्टलांची गर्दी नाही त्या ग्रामीण मुलखाला या खेळाच्या रचनेत स्वतःचे महत्त्व होते. पुढच्या खेळांत ते उरले नाही.

पोर्टले आली कुठून? कंपनीने सुरुवात ऐतिहासिक स्थळांच्या आणि सार्वजनिक कलाकृतींच्या तयार याद्यांपासून केली. अशा याद्या अमेरिका-युरोपात भरपूर होत्या, भारतात तुटपुंज्या. म्हणून बाकीचे काम खेळाडूंवर सोपवले गेले. फोटो काढा, नाव द्या, पाठवा. जगभरातून सुमारे दीड कोटी प्रस्ताव आले आणि त्यांतले 50 लाखांच्या आसपास स्वीकारले, असे हँके यांनी 2016 मध्ये सांगितले होते. भारतातल्या इन्ग्रेसच्या नकाशाचा मोठा भाग अशा रीतीने इथल्याच खेळाडूंनी चालून चालून भरला.

दक्षिण मुंबई या कामाला जणू तयारच होती. हुतात्मा चौकात एकाच नजरेच्या टप्प्यात 1864 चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. पुढे काळा घोडा, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे दगडी प्राणी. गिरगाव आणि वांद्र्याच्या गल्ल्यांत 1896 च्या प्लेगनंतर नवसाने उभारलेले क्रूस आहेत. कित्येक मुंबईकर त्या क्रूसांवरून रोज जात असत, पण त्यांवर कोरलेले साल वाचायला थांबत नसत. खेळासाठी फोटो काढायचा आणि चार ओळी लिहायच्या म्हटल्यावर ते वाचावे लागले. शहराच्या किरकोळ वारशाची इतकी चिकाटीने केलेली नोंद पालिकेच्या वारसा याद्यांबाहेर फारशी कुठे झालेली नाही. या खेळांचे खरे देणे म्हणून हेच सांगावे लागेल.

इन्ग्रेस हौशी लोकांपुरता राहिला. घराघरांत पोहोचला तो ‘पोकेमॉन गो’. नायअँटिकने इन्ग्रेसची ठिकाणे उचलून त्यांवर जपानी पोकेमॉनांचा मुलामा चढवला. पोर्टलांचे ‘पोकेस्टॉप’, म्हणजे पडद्यावरची चकती फिरवून वस्तू आणि अंडी मिळवायच्या जागा, आणि ‘जिम’, म्हणजे लढायच्या जागा, झाले. खेळ 6 जुलै 2016 रोजी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुरू झाला. भारतात तो अधिकृतपणे आला नव्हता, पण ॲपची फाइल इंटरनेटवरून उतरवून घेणे कठीण नव्हते. पोकेमॉनची मालिका कार्टून नेटवर्कवर 2003 पासून लागत होती. ती पाहत मोठी झालेली पिढी आता कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत होती, हातात स्वतःचा फोन होता. आठवडाभरात मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचे कार्टर रोड, पुण्यातला फर्ग्युसन रस्ता अशा ठिकाणी फोनकडे पाहत चालणारे घोळके दिसू लागले. तेही ऐन पावसाळ्यात, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात पॉवर बँकेला जोडलेला फोन. जीपीएस, कॅमेरा, पडदा आणि नेट एकदम चालत असल्याने दोन-तीन तासांत बॅटरी संपायची.

मुंबईच्या रस्त्याने या खेळाची कडक परीक्षा घेतली. खेळाच्या रचनेत रुंद पदपथ गृहीत होता. इथला पदपथ फेरीवाले, उघडी गटारे आणि उभ्या केलेल्या दुचाकींनी व्यापलेला, त्यामुळे पादचारी रस्त्यावरूनच चालतो. वांद्र्यात खेळण्याच्या नादात एका तरुणाने महागडी गाडी रिक्षावर घातल्याची बातमी जुलैतच आली आणि पोलिसांनी समाजमाध्यमांवरून इशारे दिले. जपानमध्ये ऑगस्टमध्ये खेळ खेळत ट्रक चालवणाऱ्याने पादचाऱ्याचा जीव घेतला. वेग वाढला की ‘मी प्रवासी आहे’ असे कबूल करून घेणारी सूचना कंपनीने त्याआधीच आणली होती. अंडी उबवण्यासाठी 2, 5 किंवा 10 किलोमीटर चालण्याची अट होतीच, आणि वाहनाच्या वेगाने कापलेले अंतर त्यात धरले जात नव्हते. कर्जत लोकलमध्ये खिडकीशी बसून शंभर किलोमीटर गेले तरी अंडे उबत नाही. स्थानकांवर गाडी थांबली की तेवढ्यापुरते एखादे पोकेस्टॉप फिरवता येते.

नकाशा आणि कायदा यांचा संबंधही त्याच वर्षी ऐरणीवर आला होता. केंद्रीय गृहमंत्रालयाने मे 2016 मध्ये भूस्थानिक माहितीच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परवान्याशिवाय अशी माहिती गोळा केल्यास 100 कोटी रुपयांपर्यंत दंड आणि 7 वर्षांपर्यंत कैद, अशा तरतुदी त्यात होत्या. तो कायदा झाला असता तर देवळाचा फोटो काढून त्याची जागा नोंदवणारा खेळाडूही अडचणीत आला असता. जोरदार टीका झाली आणि मसुदा मागे पडला. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नेमकी उलट दिशा धरली आणि नव्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवणे भारतीय कंपन्यांना बरेचसे खुले केले. खुद्द खेळाविरुद्धही सप्टेंबर 2016 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आली. खेळातली अंडी देवळांत मिळतात, त्याने धार्मिक भावना दुखावतात आणि खेळाडूच्या खासगीपणालाही धोका आहे, असा तिचा आशय होता. न्यायालयाने राज्य व केंद्र सरकारला आणि कंपनीला नोटीस काढली. आक्षेप पोकळ म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. देऊळ कुणाच्या तरी नकाशावर, कुणाच्या तरी नफ्यासाठी नोंदवले गेले होते आणि देवस्थानाला कुणी विचारले नव्हते. अमेरिकेत असाच प्रश्न घरमालकांनी उपस्थित केला. तिथल्या दाव्यात झालेल्या तडजोडीनुसार राहत्या घरापासून 40 मीटरच्या आतले ठिकाण मालकाने सांगितल्यास हटवण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली.

भारतात अधिकृत प्रवेश डिसेंबर 2016 च्या मध्यावर झाला, रिलायन्स जिओच्या भागीदारीत. जिओची सेवा 5 सप्टेंबरला सुरू झाली होती आणि मार्च 2017 अखेरपर्यंत डेटा मोफत होता. करारानुसार रिलायन्स डिजिटलची आणि सहभागी कंपन्यांची हजारो दुकाने पोकेस्टॉप किंवा जिम बनली. ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तोवरची ठिकाणे खेळाडूंनी हौसेने शोधली होती, आता दुकाने पैशाच्या जोरावर एका फटक्यात नकाशावर आली. जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गावांत पुतळा-देवळांआधी कंपनीचे दुकान नोंदले जाण्याची शक्यता निर्माण झाली. पण लाट तोवर ओसरत आली होती. नोटाबंदीच्या रांगांचे ते दिवस होते. उत्साही मंडळींनी पावसाळ्यातच फाइल उतरवून खेळ खेळून घेतला होता आणि जे उरले ते नेमाने खेळणारे.

आता कडावकडे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळ्याच्या अलीकडे हे गाव आहे. लोकल कर्जतला सोडते, पुढे एसटी किंवा सहा आसनी रिक्षा. बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे गाव ओळखले जाते. आसपास ठाकर आणि कातकरी वाड्या, पावसाळ्यात भाताची खाचरे, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. तालुक्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, आंबिवलीची लेणी आहेत, पेठचा किल्ला कोथळीगड आहे.

तांत्रिक बाजू पाहिली तर इथे एक उलटापालट दिसते. फोर्ट किंवा लोअर परळच्या उंच इमारतींत उपग्रहाचा संदेश काचेवर, भिंतीवर आपटून फोनपर्यंत येतो. त्यामुळे पडद्यावरचा खेळाडू जागच्या जागी उड्या मारतो, कधी रस्ता ओलांडून पलीकडे दिसतो. कडावच्या मोकळ्या आकाशाखाली फोनला आपली जागा कितीतरी अचूक कळते. भारताच्या ‘नाविक’ मालिकेतला सातवा उपग्रह एप्रिल 2016 मध्ये सुटला आणि 2020 पासून काही फोनांत त्याचाही संदेश घेण्याची सोय झाली. जागा अचूक कळण्यात खेडे मागे नाही. मागे आहे ते पुढच्या दोन गोष्टींत. पोकेमॉन कुठे दिसावेत हे ठरवताना मोबाइलचा वापर किती आहे याचा आधार घेतला गेला, म्हणजे गर्दीत जास्त, रानात कमी. आणि पोकेस्टॉप तिथेच, जिथे पूर्वी इन्ग्रेसचा खेळाडू फिरकला होता. अमेरिकेतही हाच दोष दिसला. अर्बन इन्स्टिट्यूटने 2016 मध्ये दाखवून दिले की राजधानी वॉशिंग्टनमध्ये गोरे बहुसंख्य असलेल्या वस्त्यांत सरासरी 55 पोकेस्टॉप होते, तर कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वस्त्यांत 19. यादी करणारे जिथे राहतात, तिथलीच यादी लांबते.

नव्या ठिकाणाची नोंद कशी होते हे कडावच्याच उदाहरणाने पाहता येईल. इन्ग्रेसमध्ये नवे प्रस्ताव घेणे 2015 मध्ये थांबले. ते पुढे पुन्हा सुरू झाले आणि 2019 पासून ‘वेफेअरर’ या व्यवस्थेतून पोकेमॉन गोच्या वरच्या पातळीच्या खेळाडूंनाही प्रस्ताव पाठवता येऊ लागले. समजा एखाद्याने बाल दिगंबर गणेशाचे देऊळ पाठवायचे ठरवले. त्याने देवळाचा फोटो घ्यायचा, त्यात माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट टाळायच्या. दुसरा फोटो भोवतालचा, म्हणजे ही जागा खरोखर तिथेच आहे हे पटावे. मग नाव, दोन-तीन ओळींचे वर्णन, नकाशावर नेमकी खूण आणि हे ठिकाण का घ्यावे याचे समर्थन. हा प्रस्ताव इतर खेळाडूंकडे मतासाठी जातो. ते पुण्यातले असतील, नागपुरातले असतील, कडाव त्यांनी पाहिलेले नसेल. ते फोटो, उपग्रहचित्र आणि वर्णन ताडून पाहतात. देऊळ नामवंत आहे, पाटी आहे, लोक जमतात, तेव्हा ते सहज पार होते.

अडचण पुढे सुरू होते. बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारातले ठिकाण नियमाने चालत नाही. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा हीच अनेकदा सर्वांत सार्वजनिक वास्तू असते. ग्रामसभा, मतदान, लसीकरण सगळे तिथेच होते. तीच बाद. खासगी घराच्या अंगणातले काही चालत नाही, म्हणजे वृंदावन गेले, ओटीवरचा देव गेला. शिवेवरचा शेंदूर फासलेला वेताळाचा दगड, झाडाखालची गावदेवी, शेताच्या बांधावरची झिजलेली वीरगळ यांना पाटी नसते. दूरवर बसलेल्या परीक्षकाला फोटोत दगडापलीकडे काही दिसत नाही आणि तो नकार देतो. कातकरी वाडीतला वाघोबा तर गावाबाहेरच्या माणसाला दाखवल्याशिवाय सापडणारही नाही. पोकेमॉन गो 70-एक मीटरच्या एका चौकोनात एकच पोकेस्टॉप घेतो, हा नियम फोर्टात जाचक ठरतो. कडावात तो लागू होण्याची वेळच सहसा येत नाही.

खेळाखालचा नकाशाही महत्त्वाचा आहे. डिसेंबर 2017 मध्ये कंपनीने गूगलचा नकाशा सोडून ‘ओपनस्ट्रीटमॅप’ वापरायला सुरुवात केली. स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये 2004 साली सुरू केलेला हा नकाशा कुणालाही भरता येतो. ज्या गावाच्या वाटा, तळी, मैदाने कुणी त्यावर काढलेली नाहीत, ते गाव खेळात कोरे दिसते. बागेची नोंद असेल तर तिथे विशिष्ट पोकेमॉनांची वसाहत वसते. म्हणून खेळाडूंनी हा नकाशा सुधारलाही आणि खोट्या बागा, खोटी तळी काढून बिघडवलाही.

टाळेबंदीने या खेळाच्या मूळ कल्पनेवरच घाव घातला. मार्च 2020 मध्ये भारतभर लोक घरात बसले. चालण्यावर उभा असलेला खेळ घरबसल्या खेळता यावा म्हणून कंपनीने पोकेस्टॉपची पोहोच 40 मीटरवरून 80 मीटर केली आणि दूरवरच्या लढाईत भाग घेण्यासाठी विकतचा पास आणला. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिका-न्यूझीलंडपुरती ती पोहोच पुन्हा कमी केली तेव्हा खेळाडूंनी बहिष्काराची भाषा केली. विशेषतः अपंग खेळाडूंना वाढीव अंतराचा मोठा आधार होता. महिना संपायच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली आणि 80 मीटर कायम झाले. या धर्तीचे इतर काही खेळ मात्र टिकले नाहीत. ‘माइनक्राफ्ट अर्थ’ 2021 मध्ये आणि ‘हॅरी पॉटर : विझार्ड्स युनाइट’ जानेवारी 2022 अखेर बंद पडले.

भारताकडे नव्याने लक्ष गेले ते 2023 मध्ये. सप्टेंबरमध्ये पोकेमॉन गो हिंदीत आला आणि 800 हून अधिक पोकेमॉनांना हिंदी नावे मिळाली. मराठी त्यात नाही. मे 2025 मध्ये नायअँटिकने पोकेमॉन गोसह आपले प्रमुख खेळ ‘स्कोपली’ या कंपनीला साडेतीन अब्ज डॉलरला विकले. स्कोपलीची मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणुकीतून उभ्या राहिलेल्या ‘सॅव्ही गेम्स’कडे आहे. ठिकाणांचे त्रिमितीय नकाशे बनवण्याचे काम ‘नायअँटिक स्पेशियल’ या वेगळ्या कंपनीने स्वतःकडे ठेवले, आणि त्या नकाशांत खेळाडूंनी वर्षानुवर्षे फोन फिरवून टिपलेल्या पुतळे-कारंज्यांच्या प्रतिमांचाही उपयोग झाला. हुतात्मा चौकात किंवा वांद्र्याच्या क्रूसापाशी थांबून हौसेने केलेल्या कामाला असा बाजारभाव आला. ज्यांनी ते केले त्यांना त्यातला वाटा मिळाला नाही.

हे पाहता कर्जत-खालापूरच्या वाचनालयांनी, शाळांनी आणि ट्रेकर मंडळांनी एक काम आधी हाती घ्यावे. एखाद्या कंपनीच्या यादीची वाट न पाहता आपल्या गावची देवळे, विहिरी, वीरगळी, पायवाटा ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवाव्यात. त्यासाठी पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आणि प्रत्येक ठिकाणाचे मराठी नाव देवनागरीत लिहिण्याची सोय तिथे आहे. तो नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. पुढचा कोणताही खेळ आला तरी त्याला तिथूनच सुरुवात करता येईल. वाड्यावस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारून ही नावे आत्ताच उतरवून घ्यावीत.